रिफर्बिश्ड लॅपटॉप तीनदा दुरुस्त, चौथ्यांदा तोच बिघाड. पैसे परत मागता येतात का?

पांढरं_सोनं
नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो. अडीच एकर कोरडवाहू आहे, जोडीला घरच्या ओसरीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. त्यासाठी जानेवारीत नागपूरच्या एका दुकानातून २२,५०० रुपयांत रिफर्बिश्ड (म्हणजे जुना, दुरुस्त करून विकलेला) लॅपटॉप घेतला. १५,००० यूपीआयने, बाकी रोख.

फेब्रुवारीत स्क्रीनवर रेघा आल्या. केबल बदलली, ९ दिवस गेले. एप्रिलमध्ये चालता चालता बंद पडायला लागला. रॅम बदलली म्हणे, १२ दिवस. मे महिन्यात पुन्हा तेच, या वेळी मदरबोर्डचं काम केलं, १५ दिवस. ८ जूनला घरी आणला आणि चौथ्या दिवशी फॉर्म भरतानाच बंद. समोर शेतकरी बसलेला, त्याला परत पाठवावं लागलं.

दुकानदार म्हणतो, तुमच्या गावचा करंट खराब आहे, आणि धंद्याला वापरता म्हणून वॉरंटीच लागत नाही. पक्कं बिल नाही. दुकानाचा शिक्का असलेली चिठ्ठी आहे, तिच्यावर सिरियल नंबर आणि हाताने लिहिलेलं '६ महिने वॉरंटी'. जॉबशीट (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) तीनपैकी दोन वेळाच दिली. वॉरंटी संपायला वीस-बावीस दिवस राहिलेत. पीकविम्याचे दिवस तोंडावर आहेत. काय करू?

टेबल_नंबर_४
दादा, मी दुरुस्तीचंच काम करतो. पहिली गोष्ट, तालुक्यात कोणाकडूनही उघडून घेऊ नका. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की 'बाहेर उघडला' म्हणून तो हात वर करेल.

करंटचं म्हणाल तर तुमच्या अ‍ॅडाप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेक अ‍ॅडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेवढ्याने लॅपटॉप बंद पडायला नको. वीज पडली किंवा व्होल्टेज एकदम उसळलं तर नुकसान होतं, पण तेव्हा बहुधा आधी अ‍ॅडाप्टर जातो. तुम्ही असं करा: बॅटरी पूर्ण भरा, चार्जर काढून बाजूला ठेवा, आणि बॅटरीवर चालताना बंद पडतोय याचा मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. चार्जर लावलेलाच नाही म्हटल्यावर करंटचा मुद्दा उरत नाही.

दुसरं, विंडोजच्या स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, रिलायबिलिटी हिस्टरी उघडेल. मशीन अचानक बंद पडलं त्या दिवशी लाल फुली दिसते. तारखांसकट फोटो घ्या. दुरुस्तीत विंडोज नव्याने टाकलं असेल तर जुनं दिसणार नाही, पण ८ जूननंतरचं दिसेल.

आणि परत देण्याआधी लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुकांच्या प्रती, सेव्ह केलेले पासवर्ड सगळं काढून टाका. शेतकऱ्यांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत ते.

वर्धाकाठ_ताई
भाऊ, धीर सोडू नका. माझ्या शिवणयंत्राची मोटर अशीच वारंवार जात होती, तेव्हा मी स्वतः ग्राहक आयोगात गेले होते. वकील लावला नव्हता. चौदा महिने लागले, पण पैसे व्याजासह परत आले.

'धंद्याला वापरता' हे ऐकून मागे सरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी माणूस स्वतः वापरतो ती वस्तू त्यात धरत नाहीत. मलाही हेच ऐकवलं होतं. तुम्ही एकटे घरी बसून फॉर्म भरता, नोकर नाहीत, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

पक्कं बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, म्हणजे ती चूक त्याची. तुमची चिठ्ठी आणि यूपीआयचं स्टेटमेंट पुरावा म्हणून जोडा. वॉरंटीच्या तारखेने घाबरू नका, दोष मुदतीतच दिसलाय. मात्र मुदत संपायच्या आत लेखी कळवा. फोनवरच्या बोलण्याला काही किंमत नाही. असं लिहा:

'आपणाकडून अमुक तारखेस रु. २२,५०० देऊन घेतलेला लॅपटॉप (सिरियल नंबर अमुक) वॉरंटीत तीन वेळा दुरुस्त होऊनही सदोष आहे. दुरुस्तीच्या तारखा सोबत. आणखी दुरुस्ती मला मान्य नाही. १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी, अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागेन.'

स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. जॉबशीट दिली नाही त्या वेळची तारीख आणि तेव्हाचे मेसेज लिहून काढा. नागपूरच्या खेपांची एसटीची तिकिटं असतील तर तीही.

सोबत १९१५ वर तक्रार नोंदवा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ती आदेश देऊ शकत नाही, फक्त मध्ये पडते. लहान दुकानदार कधी दाद देतो, कधी नाही.

नाहीच ऐकलं तर आयोग. दुकान नागपूरचं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळला तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही भरता येते. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे.

वऱ्हाडी_काका
ताई बरोबर सांगून रायली, पण बावा, चौदा महिने तू काय पाटीवर फॉर्म भरशीन? त्याले म्हण, दुसरा लॅपटॉप दे न मोकळा हो. कोर्टाची पायरी मागून चढता येते.

टेबल_नंबर_४
काका, त्याच्याकडचा दुसराही त्याच ढिगातला निघायचा. घ्यायचाच तर दुकानातच दोन तास चालवून, विंडोजमधून निघणाऱ्या बॅटरी रिपोर्टमधली मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून, आणि बदली दिल्याच्या तारखेपासून नव्याने ६ महिने लेखी घेऊन. त्यापेक्षा मी तरी पैसेच मागेन.

वर्धाकाठ_ताई
मीही. तीनदा संधी दिली, पुरे झालं.

पांढरं_सोनं
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

चार्जर काढून व्हिडिओ काढला, ४० मिनिटांत मशीन बंद. ताईंच्या मजकुराचं पत्र स्पीड पोस्टने गेलं, व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर, १९१५ वरही नोंद केली. नवव्या दिवशी दुकानदाराचा स्वतःहून फोन. आधी म्हणाला दुसरा घेऊन जा. नव्याने सहा महिने लिहून द्या म्हटलं तर तयार नाही. मग २०,००० देतो म्हणाला, 'वापरल्याचे' कापून. मी म्हटलं, ३६ दिवस तर मशीन तुमच्याच दुकानात पडून होतं, वापरलं कधी? पूर्ण द्या, नाहीतर यवतमाळला भेटू. तेराव्या दिवशी २२,५०० खात्यात जमा झाले.

लॅपटॉप परत देताना सिरियल नंबरसकट त्याच्या सहीची पोच घेतली. खेपांचा खर्च सोडून दिला. पीकविम्यासाठी सध्या मावसभावाचा लॅपटॉप आणलाय, कालच सात फॉर्म भरले. परत पाठवलेल्या त्या शेतकऱ्याचा सगळ्यात आधी.

वऱ्हाडी_काका
बेस झालं राजा. माहा सल्ला तू नाही आयकला, तेच बरं केलं.