जीनोम शांत असतानाच एमआरएनए वाढलेला कसा दिसतो? (झेब्राफिश भ्रूण)

शोधयात्री
झेब्राफिशच्या अगदी सुरुवातीच्या भ्रूणांतील एमआरएनए (जनुकातील प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणारे आरएनए) मोजण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. एकपेशी अवस्थेतील भ्रूण आणि २८.५ अंश सेल्सियसला वाढवलेले, फलनानंतर २ तासांचे, म्हणजे ६४ पेशींचे भ्रूण असे दोन नमुने घेऊन मी पॉली-ए निवडीच्या पद्धतीने, म्हणजे एमआरएनएच्या टोकाची ‘ए’ अक्षरांची शेपटी पकडून, आरएनए सिक्वेन्सिंग (आरएनएच्या अक्षरक्रमाचे वाचन) केले. भ्रूणाचा स्वतःचा जीनोम ३ तासांच्या सुमारास, साधारण हजार पेशींच्या टप्प्यावर, जोमाने काम करू लागतो असे सगळीकडे वाचायला मिळते. मग माझ्याकडील चार जनुकांचे प्रमाण २ तासांतच जवळपास दुप्पट कसे झाले? नमुन्यात वयाने मोठे भ्रूण मिसळले गेले असावेत ही पहिली शंका होती, परंतु प्रत्येक भ्रूणाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजूनच ते गोठवले होते. जीनोम समजला जातो त्यापेक्षा लवकर जागा होतो, असे म्हणता येईल का?

चौथे_गुणसूत्र
एवढ्यावरून तसे म्हणू नका. आपण ज्याला एमआरएनएचे प्रमाण म्हणत आहात, ते प्रत्यक्षात ‘शेपटीने पकडता आलेल्या एमआरएनएचे प्रमाण’ आहे. अंडपेशीत आईने साठवलेले अनेक एमआरएनए आखूड पॉली-ए शेपटीसह निद्रिस्त असतात आणि ऑलिगो-डीटीच्या (‘ए’ शेपटीला जुळणाऱ्या ‘टी’ अक्षरांच्या तुकड्यांच्या) मण्यांवर ते नीट चिकटत नाहीत. फलनानंतर पेशीद्रवातच त्यांची शेपटी लांबवली जाते. रेणू तेच आणि तितकेच राहतात, पण आता ते मण्यांना सापडतात आणि आलेखात वाढ दिसते.

ही केवळ मोजणीतली अडचण आहे असे समजून ती बाजूला सारू नये, कारण भ्रूणाच्या दृष्टीने या टप्प्यावरचे खरे नियंत्रण इथेच आहे. नवे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) जवळजवळ बंद असताना कोणते प्रथिन कधी बनवायचे, हे ठरवण्याची साधने थोडीच उरतात, आणि शेपटी हे त्यांतले प्रमुख साधन आहे. झेब्राफिश आणि झेनोपस बेडकाच्या भ्रूणांत शेपटीची लांबी आणि प्रथिननिर्मितीचा वेग यांचा घट्ट संबंध असतो, आणि गॅस्ट्रुलेशनच्या (भ्रूणात पेशींचे थर तयार होण्याच्या) सुमारास तो सैल होतो, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे प्रौढ पेशींवरून बांधलेले अंदाज इथे लावणे धोक्याचे ठरते.

पडताळणी सोपी आहे. त्याच आरएनएवर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आरएनएवरून डीएनए बनवणे) एकदा ऑलिगो-डीटीने आणि एकदा शेपटीवर अवलंबून नसलेल्या रँडम प्रायमरने करून क्यूपीसीआरने प्रमाण मोजा. वाढ पहिल्यात दिसली आणि दुसऱ्यात दिसली नाही, तर ती शेपटीची वाढ आहे.

इंट्रॉनवाला
वरील उत्तराशी सहमत आहे. त्याला एक पुस्ती जोडतो. आईकडून आलेले बहुतेक एमआरएनए अंडपेशीतच स्प्लायसिंग होऊन, म्हणजे मधले इंट्रॉन हे तुकडे कापून, तयार झालेले असतात, त्यामुळे इंट्रॉनमध्ये पडणारे रीड्स (सिक्वेन्सिंगने वाचलेले तुकडे) वाढले तर ते नव्या प्रतिलेखनाचे चांगले चिन्ह मानता येते. मात्र त्यासाठी पॉली-ए निवड न करता, राइबोसोमचा आरएनए वगळून बनवलेली लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठीचा नमुना) हवी. स्प्लायसिंग आधीच झालेले असल्याने, ते अडवणारा मॉर्फोलिनो (आरएनएला चिकटून त्याचे काम रोखणारा कृत्रिम रेणू) मातृक, म्हणजे आईकडून आलेल्या, एमआरएनएचे काहीच बिघडवू शकत नाही. माझे कित्येक आठवडे या एका चुकीत गेले: परिणाम दिसेना म्हणून मी मात्रा वाढवत राहिलो, आणि प्रथिन मात्र आधीच तयार असलेल्या मातृक एमआरएनएपासून निवांत बनत होते.

अपवादही आहेत. स्क्विंट या नोडल गटातील (भ्रूणाच्या घडणीचे संकेत देणाऱ्या) जनुकाच्या मातृक आरएनएवर वायबीएक्स१ हे प्रथिन बसते आणि त्याचे स्प्लायसिंग, शेपटी जोडणे व प्रथिननिर्मिती वेळेआधी होऊ देत नाही. ते प्रथिन नसेल तर नोडलचे संकेत अवेळी सुरू होऊन भ्रूण बिघडतो.

आणखी एक गोष्ट तपासा: आपली जनुके किती लांब आहेत? या वयात पेशीचक्र जेमतेम १५ मिनिटांचे असते आणि त्यातला काही वेळ विभाजनातच जातो. आरएनए पॉलिमरेज मिनिटाला साधारण दोन-तीन हजार न्यूक्लिओटाइड ओढतो असे धरले, तर लांबलचक इंट्रॉन असलेले जनुक पुरे होण्याआधीच पुढचे विभाजन येऊन ठेपते. सर्वांत आधी जागी होणारी जनुके बहुतांशी आखूड असतात आणि अनेकांत इंट्रॉनच नसतात, ते यामुळेच.

शोधयात्री
दोन्ही प्रकारे क्यूपीसीआर केले. तीन जनुकांत रँडम प्रायमरने काहीही वाढ दिसली नाही, म्हणजे तिथे शेपटीच वाढली होती. चौथे जनुक मात्र दोन्हींत वाढले. ते लहान आहे आणि त्यात एकही इंट्रॉन नाही, त्यामुळे इंट्रॉनची कसोटी लावता येत नाही.

चौथे_गुणसूत्र
मग ते खरोखरच लवकर जागे होणारे जनुक असू शकते. ‘३ तास’ ही काही भिंत नव्हे. एमआयआर-४३० या सूक्ष्म आरएनएच्या जनुकांचा चौथ्या गुणसूत्रावरील पुंजका ६४ पेशींच्या आसपासच सुरू झालेला दिसतो. पुढे हाच सूक्ष्म आरएनए शेकडो मातृक एमआरएनएंच्या शेपट्या आखूड करून त्यांना नाहीसे करतो. गंमत अशी की जननपेशींत डेड-एंड हे प्रथिन नॅनोससारख्या एमआरएनएंना त्याच्यापासून वाचवते, म्हणून तोच संदेश शरीराच्या इतर पेशींतून पुसला जातो आणि जननपेशींत टिकतो.

चौथ्या जनुकासाठी एकपेशी अवस्थेत अल्फा-अमॅनिटिन हे प्रतिलेखन रोखणारे विष टोचून पाहा. प्रतिलेखन थांबल्यावर वाढही थांबली, तर ती नव्या आरएनएची आहे. शक्य असल्यास ४-थायोयुरिडिनने (नव्या आरएनएत सामावणाऱ्या बदललेल्या घटकाने) नव्या आरएनएवर खूण करा, कारण अमॅनिटिन दिलेले भ्रूण गॅस्ट्रुलेशनच्या आधीच थांबतात आणि नंतरच्या टप्प्यांशी तुलना करता येत नाही. बाकीच्या तीन जनुकांना मात्र ‘वाढलेली’ या यादीतून काढून, शेपटीच्या लांबीची चाचणी करून, वेगळ्या तक्त्यात मांडा.