मदत हवी आहे: वॉर्डातल्या नर्स-मावश्यांना पॅलिएटिव्ह केअर शिकवायची आहे, सुरुवात कुठून करावी?

धंतोली_वॉर्ड
नमस्कार. नागपुरातल्या ४० खाटांच्या रुग्णालयात स्टाफला पॅलिएटिव्ह केअर (बरा न होणाऱ्या आजारात वेदना-त्रास कमी करणारी काळजी), त्यातही शेवटच्या दिवसांतली काळजी, शिकवायची आहे. १४ नर्स, ६ मावश्या-वॉर्डबॉय, २ आरएमओ (निवासी डॉक्टर), तीन पाळ्या. पेशंट बहुतेक तोंडाच्या कॅन्सरचे, भंडारा-गोंदिया, बालाघाट-छिंदवाड्याकडचे. आठवड्याला एक तास, असे सहा आठवडे मिळतील. विषय कोणत्या क्रमाने घ्यावेत? मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं अफूजन्य औषध) अजून आमच्याकडे नाही. बाहेर कुठे पाठवता येईल?

फार्मसी_खिडकी
मॉर्फिनची सोय आधी लावा. कपाटात नसलेल्या औषधाचे डोस शिकवले तर महिन्याभरात कोणाला आठवणार नाहीत. एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर दर वेळी वेगवेगळे परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन), 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून मंजुरी घ्यायची. त्यासाठी वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण झालेला डॉक्टर लागतो. बहुतेक अर्ज अडतात ते इथेच. म्हणून दोनपैकी एका आरएमओचं नाव आजच कोर्सला घाला. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स आहे, तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया ऑनलाइनही शिकवते. नर्ससाठी कोझिकोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिनचीही चौकशी करा.

सिस्टर_ट्यूटर
एक दिवसाची कार्यशाळा नको. एक पाळी कामावर, एक झोपेत, म्हणजे दोन तृतीयांश स्टाफ तसाही गैरहजर राहतो. आठवड्याचा तोच विषय तीनदा घ्या, २० मिनिटांचा, पाळी बदलताना, खाटेशेजारी.

पहिले दोन आठवडे फक्त वेदना. 'शून्य ते दहा' हा आकडा बऱ्याच आजी-आजोबांना लागत नाही. 'रुपयातले किती आणे दुखते?' विचारलं की पटकन 'बारा आणे' म्हणतात. सोळा आण्यांवरच नोंद ठेवा, दहात बदलायला जाल तर दोन सिस्टर दोन वेगळे आकडे लिहितील.

मग मॉर्फिनची गोळी. साधारणपणे ५ ते १० मिलिग्रॅम दर चार तासांनी, म्हाताऱ्या किंवा अशक्त माणसाला २.५ पासून. सकाळी ६, १०, २, ६ आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मधेच दुखलं तर दिवसाच्या एकूण डोसच्या सहाव्या भागाइतका जास्तीचा डोस. तसे तीनपेक्षा जास्त लागले तर डॉक्टरांना कळवायचं, कारण मूळ डोस अपुरा आहे. आणि पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध. मळमळ आठवड्याभरात बसते, बद्धकोष्ठ मात्र बसत नाही. पेशंट 'गोळी सोसत नाही' म्हणून औषध सोडतात ते बहुधा याच कारणाने. किडनी खराब असेल तर मॉर्फिनचे घटक अंगात साठतात. गुंगी वाढली, हातपाय झटकू लागले, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टर.

जखम_ड्रेसिंग
तुमचे पेशंट तोंडाचे, म्हणजे वास आणि अळ्या येणारच. खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) मुलखात हे रोजचंच काम समजा आणि एक पूर्ण आठवडा द्या. जुनं ड्रेसिंग सलाइनने भिजवून मगच काढायचं, ओढलं तर रक्त येतं. वासासाठी मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर भुरभुरवायची. अळ्या असतील तर टर्पेन्टाइनमध्ये भिजवलेली गॉज जखमेच्या तोंडाशी धरायची, त्या वर आल्या की चिमट्याने काढायच्या. टर्पेन्टाइन जखमेत ओतायचं नाही, आग होते आणि घशात जाण्याची भीती असते. हे काम करताना सिस्टरचा चेहरा कसा आहे ते पेशंट पाहत असतो. मास्क लावण्याआधी दोन शब्द बोलायला शिकवा.

धंतोली_वॉर्ड
फारच उपयोगी. फेन्टॅनिल पॅच (त्वचेवर चिकटवायची वेदनाशामक पट्टी) चालेल का? आणि नातेवाईक म्हणतात, 'बाबांना कॅन्सर आहे असं सांगू नका.' सिस्टर दोघांच्या मध्ये अडकतात.

सिस्टर_ट्यूटर
पॅच वेदना स्थिर झाल्यावर, आणि आधी मॉर्फिन सुरू असलेल्यालाच. लावल्यावर परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध सुरू हवं. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छताखाली झोपलेल्या किंवा ताप चढलेल्या माणसात तो जास्त वेगाने शोषला जातो, गुंगी येते. घरी पाठवताना हे कागदावर लिहून द्या: शेक नको, उन्हात नको, ताप आला तर फोन.

'सांगू नका'वर वाद घालायचा नाही. मुलाला बाजूला घेऊन आधी विचारायचं, 'सांगितलं तर काय होईल असं वाटते?' भीती बाहेर येऊ द्यायची. मग परवानगी घ्यायची: 'मी काही सांगणार नाही, त्यांना काय ठाऊक आहे एवढंच विचारते.' बऱ्याचदा बाबांना कळलेलं असतं, तेच मुलाला जपत असतात. हे तिघांच्या गटात सराव करून शिकवा: एक सिस्टर, एक नातेवाईक, एक नुसतं पाहणारी. पाहणारीने एवढंच मोजायचं की प्रश्न विचारल्यावर सिस्टर किती सेकंद गप्प राहिली. नवीन मुली तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. 'आता काही करता येत नाही' हे वाक्य मात्र सगळ्यांच्या तोंडून पहिल्याच दिवशी काढून टाका. 'आजार बरा करणारं औषध उरलं नाही, पण दुखणं आणि धाप कमी करायला आहे' असं म्हणायचं.

फार्मसी_खिडकी
शिवाय सहा आठवड्यांनी लेखी परीक्षा घेऊ नका. दर सोमवारी दहा चार्ट काढा आणि दोनच गोष्टी पाहा: प्रत्येक पाळीत वेदनेची नोंद आहे का, मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलं आहे का.

धंतोली_वॉर्ड
शेवटचा प्रश्न. रात्रपाळीला एकच सिस्टर असते. शेवटच्या तासांत घशातली घरघर सुरू झाली की ती घाबरून सक्शन (स्राव ओढून घेणारी नळी) लावते.

जखम_ड्रेसिंग
खोल सक्शनने पेशंटला त्रासच होतो, आणि स्राव परत साचतो. कुशीवर वळवा, मान थोडी उंच, सलाइन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून कमी करा. स्राव कमी करणारं हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड २० मिलिग्रॅम त्वचेखाली, पण घरघर सुरू होताच. आधी साचलेला स्राव त्याने सुकत नाही. म्हणून ऑर्डर दिवसपाळीतच चार्टवर लिहून हवी, रात्री दोनला आरएमओला उठवून नव्हे. अ‍ॅम्प्युल, बटरफ्लाय नीडल, मॉर्फिनचं इंजेक्शन आल्यावर त्याचा लिहिलेला डोस, हे सगळं नोंदवहीसकट कुठे ठेवलं ते सिस्टरला अंधारातही सापडलं पाहिजे. आणि मावशींना तोंड दर दोन तासांनी ओल्या गॉजने पुसायला शिकवा. ग्लिसरीन-लिंबू नको, त्याने तोंड आणखी कोरडं पडतं. नातेवाइकांना आवाजाआधीच सांगून ठेवा की तो येईल, आणि पेशंटला त्याचा त्रास जाणवत नसावा.