सल्ला हवा: सातवी-आठवीच्या पोरांना चांद्रमोहिमांचा इतिहास शिकवायला चांगली वेबसाइट कुठली?

सायन्सवाली_बाई
नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन, त्यानिमित्त "चंद्रावर काहीतरी करा" असं म्हणून मुख्याध्यापकांनी काम माझ्या गळ्यात घातलंय. दोन्ही वर्ग मिळून बेचाळीस पोरं. संगणक कक्षात अकरा मशीन, पैकी चालू आठ. प्रोजेक्टर एक. नेट सकाळी बरं असतं, जेवणाच्या सुट्टीनंतर रामभरोसे.

गेल्या वर्षी पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ लावला होता. दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावर फुल्ली-गोळा सुरू झाला. म्हणून या वेळी माऊस पोरांच्याच हातात द्यायचा आहे. बी.एड.ला असताना एक साइट पाहिली होती, क्लिक केलं की यान खाली उतरायचं. ती आता उघडते, पण मधोमध नुसता करडा चौकोन. तीन तासिका आहेत. साइट फुकट हवी, इंग्रजी जितकं कमी तितकं बरं.

खगोलखुळा
बाई, तो करडा चौकोन म्हणजे फ्लॅश, साइटवर चित्रं हलवायचं जुनं सॉफ्टवेअर. २०२० संपता संपता ते बंद झालं आणि अशा शेकडो साइट मेल्या. शोधत बसू नका.

तुमच्या कामाची पहिली साइट म्हणजे 'अपोलो इन रियल टाइम'. अपोलो ११, १३ आणि १७ अशा तीन मोहिमा आहेत. खाली काळाची पट्टी, हवं तिथे बोट ठेवायचं, की त्या क्षणाचा आवाज, फोटो, चित्रफीत सगळं एकत्र चालू होतं. अपोलो ११ च्या नियंत्रण कक्षातलंच अकरा हजार तासांचं ध्वनिमुद्रण त्यात घातलंय. एका टेबलावरचा माणूस काय बोलतोय तेवढंच ऐकता येतं. उड्डाणाच्या एक मिनिट आधीपासून सुरू करता येतं. मोबाईलवर कोंबल्यासारखं दिसतं, संगणकावरच लावा.

दुसरी नासाची 'मून ट्रेक'. चंद्राचा नकाशा, गोल फिरवायचा, जवळ जायचं. इथे इंग्रजी जवळपास लागत नाही, पोरं बोटानंच शिकतात.

पांढरा_रस्सा
नकाशात चांद्रयान ३ उतरलेला दक्षिण ध्रुव दाखवा की पहिल्यांदा. पोरं टाळ्या वाजवतील.

खगोलखुळा
रस्साभाऊ, टाळ्या वाजवू द्या, पण ध्रुव म्हणू नका. ते उतरलं सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. तिथून ध्रुव अजून सहाशे किलोमीटरच्या वर लांब. पेपरवाल्यांनी 'दक्षिण ध्रुवावर भारत' छापलं आणि ते डोक्यात बसलं. ध्रुवाजवळचा प्रदेश म्हणा. पोरांनाच नकाशावर अंश मोजायला लावा, एक तासिका तिथेच खपेल.

जुना_गंगावेशकर
बाई, मी निवृत्त शिक्षक. वेबसाइटीतलं मला कळत नाही, पण एक सांगतो. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं ते अमेरिकेत रविवारी रात्री, २० जुलै १९६९ ला. आपल्याकडे सोमवार उजाडला होता, सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं. मी तेव्हा सहावीत. टीव्ही फक्त दिल्लीत, कोल्हापुरात कुणाच्या बापानं पाहिला होता? शेजारच्या काकांच्या रेडिओभोवती आम्ही आठ-दहा जण, बाहेर हा धो धो पाऊस. आई म्हणाली, ऐकून झालं असेल तर दूध घेऊन ये. गेलो, वर बघितलं, नुसते ढग. चंद्र कुठल्या बाजूला असेल तेही कळेना.

पोरांना हे घड्याळ लावून द्या. आपल्या गावात तेव्हा किती वाजले होते, हे कळलं की ती गोष्ट परक्या देशातली राहत नाही. आणि १९ जुलैला अपोलो ११ चंद्राच्या कक्षेत शिरलं, त्याच दिवशी जयंत नारळीकरांना एकतीस वर्षं पूर्ण झाली होती. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. याचा त्याच्याशी संबंध काही नाही, पण आमच्या वेळी आम्ही असल्या गोष्टींवरच सनावळ्या पाठ केल्या.

सायन्सवाली_बाई
सर, ८:२६ फार आवडलं. आमची प्रार्थना साडेदहाला असते, वार सोमवार निवडता आला तर बघते. एक अडचण: सगळं अपोलोच होतंय. आधीचं, नंतरचं कसं गुंफू? तक्ता केला की परत फुल्ली-गोळा.

खगोलखुळा
फुटलेल्या यानांपासून सुरू करा. खरं सांगतोय. पोरांना यश कंटाळवाणं वाटतं, आपटलेलं यान म्हटलं की कान टवकारतात.

१९५९ सालचं रशियाचं लुना २ हे चंद्राला लागलेली माणसाची पहिली वस्तू, आणि ते मुद्दामच आपटवलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात लुना ३ नं मागच्या बाजूचे पहिले फोटो काढले. अमेरिकेची रेंजर मालिका बघा, पहिली सहा ओळीनं फसली. सातव्यानं १९६४ च्या जुलैत आपटायच्या आधी चार हजारांवर फोटो पाठवले. अलगद उतरायला १९६६ उजाडावं लागलं, लुना ९.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असतानाच रशियाचं बिनमाणसाचं लुना १५ तिथे घिरट्या घालत होतं. माती घेऊन यांच्या आधी परत यायचा बेत. २१ जुलैला ते आपटलं. त्यानंतर दोनेक तासांनी हे दोघं तिथून उडाले. आता २०२३ चा ऑगस्ट आठवा: १९ तारखेला लुना २५ आपटलं, २३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी आपलं विक्रम उतरलं. चोपन्न वर्षांनी तोच खेळ, फक्त शेजारी बदललेला. आणि आपलं पहिलं विक्रम ७ सप्टेंबर २०१९ ला गेलंच होतं की. तेही लपवू नका.

मून ट्रेकवर प्रत्येक गटाला एकेक जागा शोधायला द्या. आठ मशीन, आठ जागा. चीनची चांग'ई ४ विसरू नका, २०१९ च्या जानेवारीत थेट मागच्या बाजूला उतरली.

मागवाला_इचल
मी इचलकरंजीचा, घरी यंत्रमाग. शाळा बारावीपर्यंतच, पण हा विषय निघाला की मला राहवत नाही.

अपोलोच्या संगणकात प्रोग्राम कसा साठवला होता माहीत आहे का? विणून! बारीक चुंबकी कड्या आणि त्यांच्यातून ओवलेली तांब्याची तार. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अमेरिकेतल्या वॉल्थॅमच्या कारखान्यात बायका सुईनं तार ओवायच्या, कुठल्या कडीतून जायचं ते मशीन दाखवायचं. एकदा विणलं की प्रोग्राम बदलायचा नाही, म्हणून शास्त्रज्ञांना उड्डाणाच्या कितीतरी महिने आधी हात वर करायला लागायचे. कायमची स्मृती साधारण ७२ केबी आणि कामाची ४ केबी. आज सकाळचा 'शुभ सकाळ'चा फोटो यापेक्षा मोठा असतो.

मी हे वाचलं तेव्हा आईला सांगितलं. ती चाळीस वर्षं कांड्या भरत होती. म्हणाली, "मग आमच्यासारख्याच की त्या. एक धागा चुकला की सगळा पीस वाया."

बाई, पोरांना बांगड्या आणि दोरा द्या. आठ बांगड्या टेबलावर, दोरा आत-बाहेर. एक अक्षर विणून होतं. नेट गेलं तर हाच तास घ्या.

पांढरा_रस्सा
मागवाले, नाद खुळा! पण बाई, एक पोरगं उठून विचारणारच, "खरंच गेले होते का? झेंडा कसा फडकतो?" आमच्या तालमीत दर कोजागरीला हा वाद होतो.

सायन्सवाली_बाई
विचारलं आहे आधीच, आठवी ब. काय सांगू?

खगोलखुळा
झेंड्याच्या वरच्या कडेला आडवा दांडा होता, म्हणून तो पसरलेला दिसतो. दुसरं, ११, १४ आणि १५ या अपोलोंनी तिथे आरसे ठेवलेत. आजही पृथ्वीवरून लेझर सोडून अंतर मोजतात, त्यावरूनच कळलं की चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरनं लांब जातोय. आणि ३८२ किलो दगड-माती. वाद घालू नका, आवाज ऐकवा. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षानं प्रश्न विचारला की उत्तराला अडीच सेकंदांची फट पडते, कारण रेडिओ लहरीला जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद. दोन पोरांना त्या फटीनं बोलायला लावा, हसून लोळतील.

रस्साभाऊ, कोजागरीला दूध प्या, दुर्बीण नको. पौर्णिमेला ऊन सरळ पडतं, विवरं सपाट दिसतात. अष्टमीच्या आसपास बघा, सावल्या लांब असतात. ऑगस्टात कोल्हापुरात आभाळ मिळणारच नाही, दिवाळीनंतर बघा.

जुना_गंगावेशकर
अंतर तरी मैदानावर दाखवा. फुटबॉल म्हणजे पृथ्वी धरली तर चंद्र साधारण टेनिस बॉलएवढा, आणि तो ठेवायचा साडेसहा मीटरवर. कोल्हापूरच्या पोराला फुटबॉल दिला की निम्मं काम झालं.

खगोलखुळा
वा सर! आणि अंतराळ स्थानक त्या फुटबॉलपासून फक्त सात मिलिमीटरवर.

सायन्सवाली_बाई
कार्यक्रम झाला, म्हणून लिहितेय. नेट पावणेबाराला गेलं. आवाजाचे तुकडे मी आदल्या रात्री घरी रेकॉर्ड करून आणले होते म्हणून वाचले. बांगड्यांनी तास तारला, आठवी ब च्या एका मुलीनं आडनावाची पहिली तीन अक्षरं विणली आणि दोरा कमी पडला म्हणून माझ्याकडचा रिबीनचा रीळ संपवला. फुटबॉल सातवीच्या पोरांनी परत दिलाच नाही, खेळायलाच गेले.

एक मात्र सांगते. सकाळी नेट चालू असताना एका पोरानं अपोलो ११ ची पट्टी कुठेतरी मधेच दाबली. नुसती खरखर. मी म्हटलं, पुढे घे. तो म्हणाला, "थांबा बाई, झोपलेत ते." खरंच विश्रांतीची वेळ होती. बाकीचा गट चांग'ईकडे गेला, हा हेडफोन लावून तिथेच. पाच मिनिटांनी विचारलं, काय ऐकतोयस रे? ओठावर बोट ठेवून मलाच गप्प केलं. सुट्टी झाल्यावर डबा घेऊन परत मशीनपाशी आला. नेट गेलेलं होतं. "उठले का नाही काय कळलंच नाही," म्हणाला.

घरी फोन आहे का विचारून त्याला साइटचं नाव वहीत लिहून दिलंय.