मेथीचं पाणी सुरू, गोळ्या बंद! आत्याला कोण समजावणार?

रंकाळ्यावरचा: आत्याने चार महिन्यांपूर्वी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, मेथी भिजवून दालचिनीच्या पाण्याबरोबर घ्या, शुगर मुळासकट जाते, हळदीने तर कॅन्सरही बरा होतो. एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) साडेसात होतं, परवा ११.२ आलं. तरी म्हणते, 'गुण यायला वेळ लागतो.' माझं मत सरळ आहे, मसाल्याचा डबा रश्श्यासाठी, रोगासाठी नव्हे. बोला.

डंकावरची चटणी: एवढं उडवून लावू नका दादा. मेथीने साखर उतरते हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासांत दिसलंय. आणि हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ साली माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने रद्द करून घेतलं, ते उगाच व्हय?

गोळीवाला राजारामपुरी: मेडिकलचं दुकान आहे, म्हणून बोलतो. पेटंट रद्द झालं ते हळद जखमेवर लावणं आपल्याकडे जुनंच, म्हणून. हळदीने कॅन्सर बरा होतो असं त्यात कुणी सिद्ध केलं नव्हतं. मेथीचं खरं आहे, पण त्या अभ्यासांत रोज २५ ते १०० ग्रॅम मेथी दिली होती. आत्याबाई घेतात चमचाभर. हळदीचंही तेच. शंभर ग्रॅम हळदीत करक्युमिन, म्हणजे तिच्यातलं मुख्य द्रव्य, तीनेक ग्रॅम, आणि कॅन्सरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत देऊन पाहिलेलं. म्हणजे रोज पाव किलोवर हळद! पांढरा रस्सासुद्धा पिवळा होईल.

डंकावरची चटणी: म्हणून तर सोबत मिरी घालायची. करक्युमिन वीसपट जास्त अंगी लागतं, १९९८ चा बंगळूरचा अभ्यास आहे.

गोळीवाला राजारामपुरी: बरोबर. पण मिरीतल्या ज्या पिपरिनने हे होतं, तेच काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना लसणीच्या नाहीतर हळदीच्या कॅप्सूल घेणारे लई बघितलेत, डॉक्टरला सांगत नाहीत. आणि बाजारातली स्वस्त दालचिनी बहुतेक कॅसिया जातीची असते, तिच्यातलं कौमारिन हे द्रव्य यकृताला बाधू शकतं. चिमूटभर पुलावात घाला, रोज चमचा-चमचा नको.

डंकावरची चटणी: पुलावापुरतं मान्य. बाकी मेथी मी सोडणार नाही.

गोळीवाला राजारामपुरी: सोडा कोण म्हणतंय? गोळीबरोबर घ्या आणि डॉक्टरला सांगा. दोन्ही मिळून साखर जास्त उतरली तर घाम सुटून हातपाय थरथरतात.

पंचगंगेची लेक: भांडा निवांत. दादा, आत्याने गोळ्या का सोडल्या, विचारलंत का? माझ्या सासूबाईंनीही सोडल्या होत्या. शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीने पोट बिघडायचं, आणि लाजेने सांगेनात. शेवटी डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, जेवणासोबत घ्यायला.

रंकाळ्यावरचा: ताई, आत्ता फोन केला. आधी 'मेथीच बरी' एवढंच. मग म्हणाली, पुतणीच्या लग्नात भर पंगतीतनं दोनदा उठायला लागलं, त्याच रात्री डबी कपाटात टाकली. सोमवारी डॉक्टरांकडे नेतोय. मेथीचा डबा बरोबर घेणार म्हणते, दाखवायला.