मदत हवी आहे: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलची पूर्ण प्रत ठेवायची आहे

रातवा:
बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलची अटॅचमेंटसकट प्रत एका वेगळ्या खात्यात हवी आहे. ऑलवेज_बीसीसी (प्रत्येक मेलची प्रत आपोआप पाठवणारी सेटिंग) लावलं, तर आत येणारे मेलही त्यात पडतायत. उद्या सकाळपर्यंत हवंय. "गूगल करा" नको, करून झालंय.

अडगळ:
सर्व्हर कुठला?

रातवा:
ऑलवेज_बीसीसी म्हटल्यावर मेल सर्व्हर पोस्टफिक्सच ना!

टर्मिनलकर:
एक्झिम या दुसऱ्या मेल सर्व्हरवर या. त्यात राउटरला (मेल कुठे जायचा ते ठरवणारा भाग) अनसीन, म्हणजे प्रत काढून मूळ मेल पुढे जाऊ द्या, लावलं की विषय संपला. मी तर पोस्टफिक्स कधीच सोडलं.

बिनतारी:
त्यांना सर्व्हर बदलायचा नाहीये हो. सेंडर_बीसीसी_मॅप्स लावा, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून प्रत निघते. फाईलमध्ये @ सह तुमचं डोमेन, पुढे प्रतीचा पत्ता. पोस्टमॅप चालवा (फाईलचा तक्ता बनतो), रीलोड करा, झालं.

अडगळ:
झालं कसलं? पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही खोटा लावतो. तुमच्या नावाने बाहेरून आलेला स्पॅमही साठत राहील. फक्त सबमिशनवरून, म्हणजे लॉगिन करून मेल पाठवायच्या 587 पोर्टवरून गेलेलंच धरा. पण मास्टर.सीएफमध्ये (सेवांची फाईल) सबमिशनखाली ऑलवेज_बीसीसी लिहून उपयोग नाही; ते क्लीनअप (मेल रांगेत टाकण्याआधी नीट करणारा भाग) वाचतो, एसएमटीपीडी (मेल आत घेणारा भाग) नाही. क्लीनअपची दुसरी सेवा बनवा, ऑलवेज_बीसीसी तिला द्या, मेन.सीएफमधलं (मुख्य सेटिंगची फाईल) काढा आणि सबमिशनला क्लीनअप_सर्व्हिस_नेमने ती जोडा.

साधाभोळा:
प्रत्येकाचं सेंट फोल्डर असतंच की. मग हा खटाटोप कशाला?

रातवा:
लोक त्यातून उडवतात, म्हणूनच.
बिनतारी, तुमचं लावलं. प्रत्येक मेलच्या दोन प्रती येतायत!

बिनतारी:
मध्ये अमाविस (स्पॅम-व्हायरस तपासणारा) आहे का?

रातवा:
आहे. सगळ्यांकडे असतोच ना?

बिनतारी:
हे आधी सांगायचं ना! मेल अमाविसकडून परत आला की पुन्हा बीसीसी लागतो. अमाविसच्या आधीचा आणि नंतरचा, या दोन्हींपैकी एकाच एसएमटीपीडीला रिसीव्ह_ओव्हरराइड_ऑप्शन्स = नो_ॲड्रेस_मॅपिंग्ज द्या, म्हणजे तिथे बीसीसी लागणार नाही.

अडगळ:
माझी रीत वापरली असती तर हे आलंच नसतं.

कायदेपंडित:
कर्मचाऱ्यांना सांगितलंय का, की त्यांचे मेल साठवले जातायत? आधी लेखी धोरण करा.

टर्मिनलकर:
इथे कॉन्फिग चाललंय. धोरणाचा वेगळा धागा काढा.

रातवा:
साहेबांना बीसीसीत कोण होतं तेही हवंय. प्रतीत दिसत नाही.

अडगळ:
दिसणार नाही. हेडरमध्ये बीसीसी असला तरी पोस्टफिक्स काढून टाकतो, आणि बहुतेक क्लायंट तो पाठवतच नाहीत. ती नावं फक्त लिफाफ्यात, म्हणजे सर्व्हरला वेगळ्या दिलेल्या पत्त्यांत, असतात. लॉगमध्ये क्यू आयडीवरून (मेलचा रांगेतला क्रमांक) शोधा, नाहीतर मिल्टर (सर्व्हरला जोडायचा मेल-फिल्टर) लिहा. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरच्या जर्नलिंगमध्ये (प्रती साठवायची सोय) हे आयतं मिळतं, ते मान्य.
आणि प्रतीचं खातं एमबॉक्स (सगळे मेल एकाच फाईलमध्ये) आहे की मेलडिर (दर मेलची वेगळी फाईल)? एमबॉक्स असेल तर मेलबॉक्स_साइझ_लिमिट बघा. मूळ मर्यादा 51200000 बाइट. ती भरली की प्रत बाउन्स होऊन थेट पाठवणाऱ्याकडे जाते.

रातवा:
एमबॉक्स. मर्यादा वाढवली. तुमची क्लीनअपवाली रीत लावली, प्रत एकच येतेय. पण वेबमेलवरून गेलेलं काहीच साठत नाहीये.

अडगळ:
वेबमेलपण आहे?? तो 587 वर लॉगिन करून पाठवतो की सेंडमेल या सर्व्हरवरच्या कमांडने? सेंडमेल असेल तर पिकअपलाही (सेंडमेलचे मेल उचलणारा भाग) तीच क्लीनअप जोडा. अजून काही सांगायचं राहिलंय का?