सर्पदंश: सूज नाही, तरी ‘टोसिस’?

वाळव्यात ऊसतोडीच्या पालावर रात्री दंश. सूज नाही, खूणही नाही. रेफर चिठ्ठीवर ‘टोसिस’ लिहिलंय. किती गंभीर?

— फार गंभीर. टोसिस म्हणजे पापण्या उघडत नाहीत; पुढे गिळणं, मग श्वास बंद पडतो. पहाटे पोटदुखी, उलटी असेल तर मण्यारच धरा. तिचं विष नसांची टोकंच बिघडवतं, म्हणून प्रतिविष देऊनही व्हेंटिलेटर लागू शकतो. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) सोबत हवीच.

— घोणशीत सूज, हिरड्यांतून रक्त. कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवा; गोठलं नाही तर प्रतिविष. प्लॅस्टिकच्या नळीत निकाल चुकतो.

— सुरुवातीला प्रतिविषाच्या ८ ते १० व्हायल (कुप्या) शिरेतून. मुलांनाही तेवढाच डोस, विष तेवढंच असतं! प्रतिविषाची अॅलर्जी आली तर लागणारं अॅड्रिनॅलिन इंजेक्शन आधी भरून ठेवा.