आपल्या खान्देशचे २० आमदार विधानसभेत बसतात कुठे? जागा कोण ठरवतं?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी. अधिवेशन चालू असलं की आमच्या घरी मोबाईलवर लाईव्ह लावलेलं असतंच, वडील शेतातून आले की हातपाय धुवायच्या आधी विचारतात आज आपल्याकडचं कोणी बोललं का. बघता बघता काही गोष्टी डोक्यात अडकल्यात, नीट माहीत असलेल्यानं सांगा. कोणी कुठं बसायचं हे ठरवतं कोण, पक्ष ठरवतो की अध्यक्ष? पुढच्या रांगेत तेच तेच चेहरे दिसतात आणि आपले बरेचसे आमदार कॅमेऱ्यात येतच नाहीत, ते मागं बसतात म्हणून का? दुसरं म्हणजे पंकजा मुंडे विधान परिषदेवर आहेत ना, मग विधानसभेत उत्तर द्यायला कशा उभ्या राहतात? आणि खरा प्रश्न हा की मागं बसलेल्या आमदाराचं काम कमी होतं का, म्हणजे जागेचा आणि मतदारसंघाच्या कामाचा काही संबंध आहे का. वडील म्हणतात आहे, मला तसं वाटत नाही, पण सांगायला माझ्याकडं काही ठोस नाही.

पांझरा_मास्तर (धुळे)

भाऊ मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना राज्यघटना शिकवतो, तेवढ्या आधारावर सांगतो. जागा देण्याचा अधिकार अध्यक्षांचा. पक्षाचा गटनेता आपल्या आमदारांचा क्रम सुचवतो, पण कोणत्या पक्षाला किती आणि कुठल्या जागा ते संख्येवर ठरतं आणि शेवटचा शब्द अध्यक्षांचा. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. टीव्हीवर समोरून बघताना उलटं दिसतं म्हणून पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. पुढच्या बाकावर मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, ज्येष्ठ मंत्री, आणि समोर विरोधी पक्षांचे नेते. नागपूरचं सभागृह वेगळं असल्यानं हिवाळी अधिवेशनात मांडणी तिथल्या हिशोबानं होते.

आता २०२४ च्या निकालात काय झालं बघ, भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१, हे तीनच धरले तरी २३० झाले. एकूण सभागृह २८८ चं. म्हणजे उजवी बाजू भरून सत्ताधारी पार डावीकडं सरकणारच, त्याला इलाज नाही. म्हणून कोण उजवीकडं दिसतो कोण डावीकडं यावरून पक्ष ओळखायला जाऊ नको.

विधान परिषदेच्या मंत्र्याचं कलम १७७ मध्ये आहे. मंत्री कुठल्याही सभागृहाचा असो, तो दोन्हीकडं बसू शकतो, बोलू शकतो, मत मात्र स्वतःच्याच सभागृहात. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना परिषदेचेच सदस्य होते, २०२० च्या मे महिन्यात बिनविरोध निवडून आले, आणि विधानसभेत मुख्यमंत्री म्हणून बसायचे, बोलायचे, पण तिथं मतदान करता येत नव्हतं.

केळीबाग (रावेर)

मास्तरांनी नियम सांगितला, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. केळीच्या विम्याच्या कामासाठी आम्ही काही शेतकरी मुंबईला गेलो होतो तेव्हा प्रेक्षक गॅलरीचा पास काढला होता. पास आमदाराच्या शिफारशीनं निघतो, मोबाईल बाहेरच जमा करून घेतात, आत गेल्यावर हात जरी पुढच्या कठड्यावर टेकवला तरी तिथला माणूस येऊन खूण करतो की सरळ बसा. वरून बघितलं की सगळी मांडणी एका नजरेत येते, अध्यक्ष उंचावर, त्यांच्यापुढं सचिवांचं टेबल, तिथंच प्रतिवेदक बसलेले, मान खाली घालून एकेक शब्द लिहिणार आणि थोड्या थोड्या वेळानं एक उठून जातो दुसरा येऊन बसतो, हाताला विसावा नाही. टेबल आणि पुढचे बाक यांच्यामधली मोकळी जागा म्हणजे ज्याला पेपरात वेल लिहितात ती, गोंधळ झाला की सदस्य उतरतात ती जागा. टीव्हीवर ती लांब वाटते, प्रत्यक्षात दोन पावलं आहे.

आणि मागच्या बाकावरचा माणूसही उभा राहिला, अध्यक्षांनी नाव घेतलं की त्याचा माईक चालू होतो आणि आवाज पुढच्याइतकाच येतो. आम्ही होतो तेव्हा अगदी कडेच्या रांगेतल्या एका आमदारानं पीक विम्यावर उपप्रश्न विचारला, आमच्या जिल्ह्याचा नव्हता तो, पण मंत्र्यांना उठून उत्तर द्यावं लागलं. म्हणून तुझ्या वडिलांना सांग, रांगेचा संबंध फार थोडा आहे. अध्यक्षांचं लक्ष वेधून घ्यायला पुढं बसलेलं बरं पडतं हे खरं, पण ज्याची प्रश्नाची नोटीस वेळेत गेलेली आहे त्याचं नाव कागदावरच असतं, त्याला कोणाच्या नजरेत भरायची गरज नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

खूप धन्यवाद दोघांना, हे वडिलांना वाचून दाखवलं. त्यांचा पुढचा प्रश्न, आपल्या २० पैकी विरोधी बाजूला कितीजण आणि विरोधी पक्षनेत्याचं काय झालं?

सातपुडा_लेक (साक्री)

२० असे होतात, जळगावचे ११, धुळ्याचे ५, नंदुरबारचे ४. त्यातले ८ राखीव. नंदुरबारचे चारही, शिवाय साक्री, शिरपूर आणि चोपडा अनुसूचित जमातीसाठी, आणि भुसावळ अनुसूचित जातीसाठी. २०२४ ला या २० मधून विरोधी बाजूला एकटे नवापूरचे शिरीष नाईक, काँग्रेसचे, ते पण थोडक्यात आले. बाकी बठ्ठे महायुतीचे. आणि वीस जणांत बाई एकच, आमच्या साक्रीच्या मंजुळा गावित. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण प्रतिभाताई पाटील १९६२ ला जळगावातून पहिल्यांदा आमदार झाल्या, पुढं एदलाबादमधून म्हणजे आताच्या मुक्ताईनगरमधून सलग निवडून येत राहिल्या, १९७९-८० ला त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. म्हणजे साठ वर्षांपूर्वी पण आपल्याकडून बाई आमदार होती आणि आजही एकच. २०२३ ची घटनादुरुस्ती, १०६ वी, एक तृतीयांश जागा महिलांना देते, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. तेव्हा खान्देशातून सहा-सात तरी जाव्यात, आणि त्या दुसऱ्या कोणाच्या नावावर चालणाऱ्या नसाव्यात, त्यांनी स्वतः उठून बोलावं ही माझी इच्छा आहे.

पांझरा_मास्तर (धुळे)

विरोधी पक्षनेत्याचं सांगतो. निकालानंतर विरोधात सगळ्यात मोठा पक्ष ठाकरेंची शिवसेना, २० आमदार, मग काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. या पदासाठी सभागृहाच्या दहा टक्के म्हणजे २९ सदस्य लागतात असा संकेत सांगितला जातो, तेवढे एकाकडंही नाहीत. पण विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा १९७८ चा कायदा वाचला तर त्यात दहा टक्क्यांची अट नाही, विरोधातला सर्वात मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच आहे. माझं मत विचारशील तर ते पद द्यायला पाहिजे, सत्ता कोणाचीही असो. समोर अधिकृत माणूस असला की सरकारलाच उत्तरं नीट तयार करून यावी लागतात. २००९ ते २०१४ मुक्ताईनगरचे नाथाभाऊ खडसे त्या जागेवर होते, त्या पाच वर्षांत खान्देशचे विषय सभागृहात किती आले ते जुने पेपर काढून बघा.

आप्पा_अमळनेर

मास्तर, नेत्याच्या जागेचं बोललात तर अध्यक्षाच्या खुर्चीचं पण सांगा पोरांना. मधुकरराव चौधरी आपले खिरोद्याचे, १९९० ते ९५ अध्यक्ष. त्यानंतर चोपड्याचे अरुणभाई गुजराथी, १९९९ ते २००४. एका जळगाव जिल्ह्यातून दोन अध्यक्ष. अध्यक्ष झाला की माणूस वादात पडत नाही, मत पण फक्त बरोबरी झाली तर टाकतो, म्हणजे मतदारसंघाचा आवाज एका अर्थी बंदच होतो, तरी मान आपल्या भागाला मिळाला. आमच्या वेळेला सभागृह पण लहान होतं, १९६२ ला २६४, मग १९६७ ला २७०, आणि १९७८ पासून २८८. यावल, पारोळा हे वेगळे मतदारसंघ होते, २००९ च्या निवडणुकीपासून ते राहिले नाहीत.

आता माझं खरं म्हणणं ऐका. तुम्ही बठ्ठे डावं उजवं मोजताय, मी वेगळं मोजतो. मंत्री प्रश्न विचारू शकत नाही, तो उत्तर देणारा. २०२४ ला आपल्याकडचे चार मंत्री झाले, जामनेरचे गिरीश महाजन, जळगाव ग्रामीणचे गुलाबराव पाटील, सिंदखेड्याचे जयकुमार रावल, भुसावळचे संजय सावकारे. वीसातून चार गेले, उरले सोळा. या सोळा जणांनी प्रश्न विचारायचे. त्यातले पंधरा सत्तेच्या बाजूचे, आणि सत्तेतल्या आमदाराला वाटतं आपल्याच सरकारला कशाला अडचणीत आणायचं, मंत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगू. केबिनमध्ये काम होतं पण, मी नाकारत नाही. फक्त तिथं दिलेला शब्द कुठं लिहिला जात नाही. सभागृहात दिलेलं उत्तर प्रतिवेदक लिहितो, छापलं जातं, आश्वासन दिलं तर ते पाळलं का हे बघणाऱ्या आश्वासन समितीकडं जातं, आणि पाच वर्षांनी पण त्याच्यावर बोट ठेवता येतं. पाडळसे धरणाची आमच्या तालुक्यानं किती वाट बघितली, केबिनमधले शब्द मोजायला बसलो तर वही पुरायची नाही.

केळीबाग (रावेर)

आप्पा अगदी मनातलं बोललात. आमच्या भागात एका रस्त्याचं असंच तोंडी तोंडी चाललंय, दरवेळी "झालं समजा".

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आप्पा, हे वाचून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले यानं बरोबर मोजलं. मग आम्ही साध्या माणसानं करायचं काय, आपल्या आमदारानं काय विचारलं ते कळतं कुठं?

पांझरा_मास्तर (धुळे)

विधिमंडळाच्या वेबसाईटवर प्रश्नांच्या याद्या आणि कामकाज मिळतं, मराठीतच असतं. तारांकित प्रश्न म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर आणि वर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकित म्हणजे फक्त लेखी उत्तर, आणि एखादा विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी. यादीत प्रश्नाच्या पुढं विचारणाऱ्यांची नावं असतात, एका प्रश्नावर बऱ्याच जणांची पण असतात, त्यामुळं नुसतं नाव बघून खूश होऊ नका, उपप्रश्न कोणी विचारला ते कामकाजात बघा. आणि एक लक्षात ठेवा, विषय राज्याचा पाहिजे. मनमाड-इंदूर रेल्वे तिथं विचारून उपयोग नाही, ती केंद्राची, त्यासाठी खासदार. केळी विम्यात राज्याचा भाग आहे, सिंचन, एसटी, जिल्हा रुग्णालय, आश्रमशाळा हे सगळं राज्याचं.

अधिवेशनाच्या बरंच आधी प्रश्नांच्या नोटिसा जातात, म्हणून आमदाराला भेटायचं ते तेव्हा. अधिवेशन चालू झाल्यावर निवेदन घेऊन मुंबई गाठली तर फोटो निघतो, प्रश्न लागत नाही.

सातपुडा_लेक (साक्री)

मास्तर, आश्रमशाळांच्या इमारतींवर आम्ही बचत गटाच्या बायका मिळून एक निवेदन करतोय, शाळेचं नाव, किती पोरी, संडास किती, पाणी कुठून, असं सगळं लिहून. त्याचा प्रश्न कसा मांडायचा ते तुम्ही बघून द्याल का? आमदार मंजुळाताईंना पुढच्या अधिवेशनाआधी नेऊन द्यायचंय.

पांझरा_मास्तर (धुळे)

पाठवा ताई, आजच रात्री बघतो. प्रत्येक शाळेची माहिती वेगळ्या कागदावर घ्या, आणि शेवटी एकच प्रश्न ठेवा, काम कधी पूर्ण होणार, तारखेसकट.